यमाचा फेरा

आमच्या गावच्या दंडारीत मी यम व्हायचो. किती वर्षं झालो ते मोजलं नाही. सुरुवातीला माझी खरी मिशी काळी होती, खोटी तिच्यावरच चिकटायची. आता खरी पांढरी झाली, खोटी अजून काळीच आहे. म्हशीच्या शेपटीच्या केसांची आहे, तिला काय होते.

सौंदडच्या आसपासच्या गावांत दिवाळी झाली की मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, लेकी-जावई येतात आणि दुपारी चौकात दंडार होते. दंडार म्हणजे आमचं नाचत-गात केलेलं नाटक. त्याचं पुस्तक नाही. बापाने पोराला तोंडी सांगितलं, पोराने त्यात आपलं घुसवलं, असं चालत आलं. आमच्या दंडारीत गावच्या जमिनीचा मालक असलेला एक कंजूस मालगुजार आहे. त्याला न्यायला यम येतो. आधी मी हल्यावर, म्हणजे रेड्यावर, बसून यायचो. आता गावात ट्रॅक्टर झाले, हल्या राहिला नाही, म्हणून यम मोटारसायकलीच्या मागच्या सीटवर बसून येतो. लोकांना तेच जास्त आवडते.

यम दावं काढतो, मोठ्याने हसतो, "चल रे" म्हणतो. मग मालगुजाराची बायको पुढे येते. तिचं काम पुरुषच करतो, पदर घेऊन. ती म्हणते, दारी आलेला पाहुणा उपाशी कसा पाठवू? यमाला पाटावर बसवते, वाढते, अजून वाढते. यम खाऊन खाऊन तिथेच घोरायला लागतो, आणि ती त्याचंच दावं त्याच्याच पायात बांधून ठेवते. उठतो, पडतो, लोक पोट धरून हसतात, यम हात हलवत परत जातो. मी दरवर्षी मरण झालो आणि दरवर्षी हरलो. दुसऱ्या कुठल्या प्रकारचं मरण मला माहीतच नव्हतं.

पण दंडारीच्या आधी, सकाळी, फेरा असतो. ही आमच्या गावची रीत. यम सोंग घेऊन घरोघर जातो आणि म्हाताऱ्या माणसांच्या दारात उभा राहतो. घराच्या पुढच्या पडवीला आम्ही सपरी म्हणतो. सपरीवर चढायचं नाही, खालीच उभं राहायचं. म्हातारा किंवा म्हातारी सुपात धान घेऊन येते, ते दंडारवाल्यांच्या झोळीत टाकते, आणि यम ओरडून सांगतो, "यंदा नाही!" एवढंच. मग मागे न पाहता पुढच्या घरी. जवान माणसाला सांगायचं नाही. म्हाताऱ्यांना मात्र सोडायचं नाही. कोणी हसून ऐकतात, कोणी हात जोडून.

मागच्या मंडईला मी माझ्या स्वतःच्या दारातही उभा राहिलो. बायको सपरीत बसली होती, तिच्याजवळ शेजारची बाई. ही बाई बायकोच्याच माहेरच्या गावची, वयाने मोठी. बायको तिला बहीण मानायची, म्हणून ती मला जावई म्हणून छळायची. मी ओरडलो, "यंदा नाही!" बायको म्हणाली, "नाई तं नाई. पन जेवाले टायमावर या, अन् ते मिशी उतरवून या, ताटात केस पडते." सगळी गल्ली हसली.

त्यानंतरच्या आषाढात, धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत, ती गेली.

गोंदियाच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे त्यांनी पाहिलं, तपासलं, आणि घरी घेऊन जा म्हणाले. आणली. खाट सपरीत टाकली, कारण तिला आत कोंडल्यासारखं होत होतं. दुपार होती. सगळं गाव धानाच्या शेतात, बांधीत, रोवणीला गेलेलं. मी खाटेजवळ बसून होतो.

आता जे लिहितो ते मी कोणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही.

आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं आहे की मरणाऱ्या माणसाला न्यायला आलेला दिसतो. माझी आजी म्हणे दाराकडे बोट दाखवून गेली होती. मी बायकोच्या तोंडाकडे वाकलो आणि विचारलं, "कोनी दिसून राहिला का तुले?"

प्रेमाने विचारलं असतं तर लिहायला काही वाटलं नसतं. मला पाहायचं होतं की तो कसा असतो. मिशी असते की नाही, उभा राहतो की बसतो, कुठून येतो. समजलं तर पुढच्या मंडईला तसं करून दाखवता येईल, असं माझ्या मनात आलं. माझी बायको मरत होती आणि मी माझ्या सोंगाची माहिती काढत होतो.

तिने दाराकडे पाहिलं. म्हणाली, "दिसून राहिली ना."

मी अजून जवळ वाकलो. "कोन?"

"बकरी. हाकला तिले. दोडक्याचा वेल खाऊन राहिली."

मी वळून पाहिलं. खरंच बकरी होती. शेजाऱ्याची, कान फाटलेली. मी उठून हाकलली, परत येऊन बसलो.

"गेली?"

"गेली."

"कितीक खाल्ला?"

"थोडासा."

"तुमी सांगान थोडासा," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी तिच्याकडेच पाहत होतो, कुठे गेलो नव्हतो. मला वाटलं, झोपली. मी हातपंख्याने माश्या हाकलत बसलो. थोड्या वेळाने शेजारची बाई पेजेचा गंज घेऊन आली, खाटेकडे पाहिलं आणि गंज खाली ठेवला. म्हणाली, "जवाईबापू, पंखा राहू द्या आता. गेली ते."

एवढी वर्षं मी मरण होऊन गावभर ओरडत फिरलो. ते माझ्या समोर आलं, माझ्या बायकोला घेऊन गेलं, आणि मला ओळखता आलं नाही.

मुलगी गोंदियाला एका शाळेत शिकवते. तेरवीपर्यंत राहिली, नंतरही सुट्टी मिळाली की यायची. मी चौथी शिकलो आहे. जवळच्या गोरेगावच्या बाजारातल्या पाट्या आणि एसटीची पाटी, एवढंच माझं वाचन; हे लिहितो आहे तेही अक्षर-अक्षर जोडून. एक दिवस तिला विचारलं, "तुमच्या पुस्तकात मरण कसं येते, बाई?"

तिला नवल वाटलं. पण पुढच्या खेपेला शाळेतून पुस्तकं घेऊन आली आणि दुपारी सपरीत बसून मला वाचून दाखवली. एका गोष्टीत मरण म्हणजे पांढऱ्या लुगड्याची बाई होती, दारावर टकटक करणारी. एकात ते सरकारी कारकुनासारखं थकलेलं, चष्मा पुसणारं. एका कवितेत नवरदेव होऊन आलं, वाजत-गाजत. एकात आई होऊन लेकराला उचलून घेतलं. कुठे पारधी, कुठे चोर, कुठे वाट चुकलेला पाहुणा.

मी म्हणालो, "हे सगळे फार बोलतात. एकाचंही तोंड बंद नाही."

"तुमचा यम तरी कुठं गप बसतो, बाबा?"

"तो बोलणारच. त्याले लोकं हसवायचे असतात."

"यांनाही काहीतरी हवंच असतं. लिहिणाऱ्याच्या घरी कोणी गेलं की भांडायला समोर कोणीतरी लागतं ना. रिकाम्या दाराशी काय भांडणार? म्हणून त्याला तोंड देतात, कपडे घालतात, बोलायला लावतात."

मला ते पटलं आणि पटलं म्हणून राग आला. नवरदेव होऊन येतो म्हणे. ज्याने लिहिलं त्याने कोणाचं तोंड पुसलं होतं का शेवटच्या दिवशी? आमचा ढोलकीवाला गोंड आहे. त्याच्या घरी गोष्टीच वेगळ्या. तो म्हणतो, आमच्यात कोणी न्यायला येत नाही, माणूस आपणच उठून आपल्या जुन्या माणसांत जाऊन बसते. मला त्याचं ऐकून बरं वाटलं होतं. निदान त्यात मिशी चिकटवायला जागा नाही.

मुलीला मी बकरीचं सांगितलं होतं. आईने शेवटी बकरी हाकलायला लावली, एवढंच. मी तिला काय विचारलं होतं ते सांगितलं नाही. दंडारीत नको असलेलं बोलणं कापतो तसं ते कापलं. ती पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाली, "बाबा, हे गोष्टीत असतं तर वाचणारा म्हणाला असता, ती बकरी म्हणजेच मरण."

"बकरी म्हणजे बकरी," मी ओरडलो. "शेजाऱ्याची. कान फाटलेली. काल पुन्हा आली होती."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिथून उठून बैलांना पाणी दाखवायला गेलो. बैल पाणी पिऊन बसले होते.

दिवाळी आली. माझा दंडारीतला जोडीदार, जो मालगुजार होतो, घरी आला. आम्ही बरोबरीचे, लहानपणापासून एकमेकांना शिव्या देऊनच बोलतो. सपरीत बसला, चहा प्याला, मग म्हणाला, "का गा, फेऱ्याले येतस ना?"

"नाई येत."

"काऊन?"

"काऊन म्हणून विचारतस? बायको मेली मायी."

"मंग? यमाच्या घरी कोनी मरत नाई का?" तो बोलून गेला आणि त्यानेच जीभ चावली. मला हसू आलं. तो दिवाळीचा दिवस होता, तिच्याशिवायची पहिली दिवाळी, आणि मला हसू आलं.

"दुसऱ्या कोनाले कर यम," मी म्हणालो.

"करून पायलो. मिशी लावली तं मांजर दिसते. अन् आवाज? बकरीसारखा."

"बकरीचं नाव नको काढू."

त्याला काही समजलं नाही. तो म्हणाला, "म्हातारे विचारून राहिले, बे. यम येनार का, यम येनार का. मी का सांगू त्यायले?"

"सांग, यम रजेवर गेला."

मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आली होती, तिने आतून ऐकलं. तो गेल्यावर बाहेर आली. "जाऊ नका बाबा. लोक काय म्हणतील?"

"लोकच बोलावून राहिले."

"आईला तुम्हीच म्हणाले होते, यंदा नाही." ती एवढं बोलून आत गेली. मी ठरवलं, जायचं नाही. दावं, मिशी, काळं लुगडं, सगळं पेटीतच राहू द्यायचं.

मंडईच्या दिवशी सकाळी गल्लीत ढोलकी वाजायला लागली. मी दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने दारात शेजारच्या बाईची सून उभी.

"मामाजी, तुमी फेऱ्याले नाई येत म्हणते?"

"नाई."

"मंग बुढीले समजवा तुमीच. सकाळपासून सपरीत बसून आहे, सूप मांडीवर घेऊन. खाऊन नाई राहिली, गोळी घेऊन नाई राहिली."

बाईचे पाय गणपतीपासून सुजलेले होते. सडक अर्जुनीच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, रोज घ्यायच्या, एक दिवस चुकवायची नाही म्हणून बजावलं होतं.

"कायले घेत नाई?"

"म्हणते, यम आला नाई, म्हणजे यंदा आहे. यंदाच आहे तं गोळी कायले वाया घालवू." सून पदर तोंडाला लावून उभी राहिली. "मी लय समजावलं. म्हटलं, त्यायच्या घरी दुःख आहे म्हणून नाई आले. तं म्हणते, यमाले का दुःख रायते? त्यानं यादी पायली असन म्हणून तोंड लपवून राहिला."

मी हे कधी मनात आणलं नव्हतं. यम आला तर "यंदा नाही" म्हणतो. मग नाही आला तर काय म्हणतो, हे त्या म्हाताऱ्या लोकांनी आपापल्या सपरीत बसून लावून घेतलं होतं. मी लाजेने दार लावून बसलो होतो, आणि तिकडे ते माझं सांगणं झालं होतं.

मी पेटी उघडली. मुलगी दारात येऊन पाहत होती. मी लुगडं गुंडाळलं, काजळ फासलं. मिशी हातात घेतली आणि अडलो. ती नेहमी बायको चिकटवायची, बाभळीचा डिंक भिजवून. मला आरशात पाहून जमत नाही. मी उभाच राहिलो. मुलगी पुढे आली, डिंक भिजवला, मिशी माझ्या ओठावर दाबून धरली. तिचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं, पण डोळ्यांकडे पाहत नव्हती.

"वाकडी लागली," ती म्हणाली.

"राहू दे."

बाहेर आलो तर ढोलकीवाल्याने मला पाहून हात जोरात मारला. जोडीदार धावत आला. "आला रे, रजा संपली!" पोरंसोरं, बाया, सगळे मागे लागले. मी कोणाकडे न पाहता सरळ शेजारच्या दारात गेलो.

बाई भिंतीला टेकून बसली होती. पाय पुढे सोडलेले, सुजून खांबासारखे झालेले. मांडीवर सूप. मला पाहून म्हणाली, "या जवाईबापू. लय भाव खाल्ला यंदा."

मी सपरीच्या खाली उभा राहिलो. दावं खांद्यावर घेतलं. तोंड उघडलं. आवाज निघेना.

लोकांना वाटलं, मुद्दाम थांबलो. काही हसले. मी पुन्हा तोंड उघडलं. मला सपरी दिसत होती आणि मागच्या वर्षी आमच्या सपरीत हिच्याजवळ बसलेली माझी बायको दिसत होती. मी रीत मोडून सपरीवर चढलो, खाली बसलो आणि तिच्या कानाशी हळू बोललो, "बाई, मागच्या वर्षी तिलेबी मीच सांगलो होतो."

"मले का सांगता? मी बाजूलेच होती तिच्या."

"मंग? खोटं निघालं ना."

ती माझ्याकडे पाहत राहिली, वाकड्या मिशीकडे. म्हणाली, "आतावरी का खरं सांगत होते तुमी? कोनत्या वर्षी यादी पाहून आले होते?"



"तिलेबी माहीत होतं. म्हणे, बाई, बुढा खोटं बोलते, पन काय दनकून बोलते. आमी धान टाकतो ते तुमचं ओरडनं ऐकाले टाकतो. खरं ऐकाचं असन तं डॉक्टर आहे ना." तिने सूप सरकवलं. "उतरा खाली. यम का मांडी घालून बसते? अन् जोरात सांगजा, मले कमी ऐकू येते."

मी उतरलो. गर्दीत माझी मुलगी उभी होती, हाताला डिंक लागलेला तसाच.

मी ओरडलो, "यंदा नाही!"

सुरुवातीला आवाज फाटला. तिने कानाला हात लावला, ऐकू आलं नाही म्हणून. मी छाती भरून पुन्हा ओरडलो. या वेळी आवाज असा लागला की जवानीतही लागला नसेल. समोरच्या कौलांवरचे पारवे उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या. बाईने धान झोळीत टाकलं, सुनेकडे वळून म्हणाली, "आन ते गोळी. अन् भात वाढ, भूक लागली."

आणि मला आनंद झाला. बाई जेवायला बसली म्हणून झाला, असं लिहिलं असतं तर चांगलं दिसलं असतं. तेही होतंच. पण आधी झाला तो आवाजाचा आनंद. टाळ्यांचा. बायकोला जाऊन चारच महिने झाले होते आणि तिच्या मरणाचं सोंग घेऊन मी गल्लीत उभा होतो, आणि माझी छाती फुगली होती. मला पुन्हा एकदा ओरडावंसं वाटलं.

मी मुलीकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती, रागानेही पाहत नव्हती. माझा आनंद कशाचा ते तिला कळलं होतं, एवढंच मला दिसलं. मी मान खाली घातली. रीतीप्रमाणे मागे पाहायचं नसते, ते मला बरंच पडलं. पुढच्या दारात एक म्हातारा काठी धरून केव्हाचा उभा होता, आणि त्याच्या पुढच्या दारातही कोणीतरी. जोडीदाराने पाठीवर थाप मारली, "चल बे, आज लागला आवाज." मी गेलो. त्या दिवशी मी सगळ्या गावाला ओरडून सांगितलं, आणि प्रत्येक दारात आवाज चांगलाच लागला.